जहाज बंदराबाहेर ताटकळतं का, आणि आत शिरतं कसं? (ड्राफ्ट, भरती, वेग, पायलट)

दर्यावर्दी_सिडको (धागाकर्ता)

द्राक्षाचा हंगाम लागला की निर्यातदार मंडळींच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो. जहाज मोबाइलवर मुंबईसमोर दिसतंय, न्हावा शेवा हाकेच्या अंतरावर, मग सकाळपासून नांगर टाकून करतंय काय? पिंपळगावहून निघालेली गाडी कसारा उतरून गेटवर पोचते आणि जहाज अजून बाहेरच.

धक्का रिकामा नसतो हे एक कारण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं कारण पाण्याचं. त्याचा हिशेबच मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या एका चॅनेलचे (बंदरात शिरायच्या खोदलेल्या वाटेचे) नाहीत.

जहाज ३०० मीटर लांब, ४८ मीटर रुंद, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेली उंची) १४ मीटर. चॅनेलची नकाशावरची खोली, म्हणजे पार ओहोटीला उरणारी, १४ मीटर. म्हणजे भरतीशिवाय आत यायचा प्रश्नच नाही. भरती ३ मीटर धरली तर एकूण पाणी १७ मीटर. वरवर पाहता तळाखाली ३ मीटर मोकळे. आता वजाबाकी:

– स्क्वॉट (वेगामुळे जहाज खाली बसणं), १० नॉट वेगाला: १.३० मीटर (नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर)
– वळताना किंवा वाऱ्याने जहाज १ अंश कललं तर: ०.४२ मीटर (रुंदीचा अर्धा भाग गुणिले साइन १ अंश)
– लाटांवर डोलणं: ०.३० मीटर
– मोजणीतली संभाव्य चूक: ०.६४ मीटर (चांगल्या दर्जाच्या सर्व्हेलाही अर्धा मीटर अधिक खोलीचा १ टक्का एवढी सूट द्यावी लागते)

उरले ०.३४ मीटर. एक वीत आणि वर थोडं. त्यावर सव्वा लाख टनांहून जड धूड चालवायचं.

स्क्वॉट ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: गंगापूरच्या कालव्यात मध्येच मोठा दगड ठेवला तर त्याच्या बाजूने पाणी जोरात पळतं आणि तिथली पातळी खाली जाते. जहाजाचं तसंच. तळाखालून आणि बाजूने पाणी वेगाने मागे जातं, दाब घटतो, जहाज खाली बसतं. बॅरासचं सोपं सूत्र वापरतात: उघड्या पाण्यात ब्लॉक कोएफिशंट (जहाजाचा बुडालेला भाग त्याच मापाच्या चौकोनी ठोकळ्याच्या किती भरतो तो अंश) × वेगाचा वर्ग ÷ १००, अरुंद पाण्यात त्याच्या दुप्पट. कंटेनर जहाजाला ०.६५ धरलंय. खोदलेल्या चॅनेलमध्ये खरा आकडा दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो, पण हिशेबाला वाईट बाजूच धरायची.

वेगाचा वर्ग आहे हे लक्षात घ्या. १२ नॉटला स्क्वॉट १.८७ मीटर, म्हणजे वरच्या हिशेबात जहाज २३ सेंटिमीटर चिखलात. ८ नॉटला ०.८३.

निफाडचे_आप्पा

मग साधी गोष्ट आहे की. ५ नॉटने या. घाई कोणाला आहे?

दर्यावर्दी_सिडको

आप्पा, तिथेच तर सगळी मेख आहे. वेग वाढवला की पाणी कमी पडतं, कमी केला की सुकाणू मरतं.

सुकाणूवर जोर येतो तो पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याचा. मोठ्या कंटेनर जहाजाचं इंजिन थेट शाफ्टला जोडलेलं असतं, गिअरबॉक्स नाही. त्याचा सर्वांत हळू फेरा, डेड स्लो अहेड, हाच जहाजाला ७-८ नॉट देतो. त्याहून हळू जायचं तर इंजिन बंद करावं लागतं. बंद केलं की सुकाणूवरचा झोत थांबतो. जहाज तेवढ्याच वेगाने सरकत असतं पण ऐकत नाही. मग सुकाणू पूर्ण फिरवून इंजिनाला क्षणभर पुढची किक द्यायची, नाक वळलं की पुन्हा बंद.

वारा आडवा असेल तर आणखी पंचाईत. कंटेनरचे थर म्हणजे भिंत. वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून नाक वाऱ्याकडे तिरपं धरावं लागतं, आणि वेग जितका कमी तितकं जास्त तिरपं. ४८ मीटर रुंदीचं हेच जहाज ५ अंश तिरपं चालवलं तर चॅनेलची ७४ मीटर रुंदी अडवतं, १० अंशांना ९९ मीटर. समोरून दुसरं येत असेल तर हिशेब करा.

टग (ओढणाऱ्या-रेटणाऱ्या बोटी) घ्या म्हणाल, तर ६ नॉटच्या वर टगची बरीच ताकद जहाजाबरोबर धावण्यातच जाते, रेटायला फार उरत नाही. बो थ्रस्टर (नाकाशी बसवलेला, आडवा रेटणारा पंखा) जहाजाचा वेग ३-४ नॉटच्या खाली आला तरच खरा उपयोगी. म्हणजे चॅनेलच्या मधल्या टप्प्यात, ८ ते १० नॉटला, फक्त पंखा आणि सुकाणू तुमचे.

लाल_हिरवा_बोया

यात काठाचा परिणाम जोडा. चॅनेलच्या एका कडेला जास्त सरकलं की मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि नाक मधोमध फेकलं जातं. नवखा हेल्म्समन (सुकाणू धरणारा) ते सावरायला नाकाच्या उलट गरजेपेक्षा जास्त सुकाणू देतो, मग जहाज या काठाकडून त्या काठाकडे. २३ मार्च २०२१ ला सुएझमध्ये 'एव्हर गिव्हन' अडकलं तेव्हा वारा, वेग, काठ हे तिन्ही शब्द सगळ्यांना कळले.

उथळ पाण्यात वळणाचा घेरही वाढतो, खोल समुद्रातल्या घेराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. ब्रिजवर (जहाज चालवायच्या वरच्या खोलीत) लावलेल्या तक्त्यावर आकडे खोल पाण्याचे आणि उथळ पाण्याचे असे वेगळे असतात. बंदराजवळ कोणते बघायचे हे सांगायला नको.

इंजिनरूम_नाशिकरोड

खालच्या मजल्याकडून थोडं.

वर 'इंजिनाला किक' असं सहज लिहिलंय. प्रत्येक किक म्हणजे ३० बारच्या हवेचा एक फटका. उलटं-सुलटं फिरणाऱ्या मुख्य इंजिनाला हवेच्या बाटल्या पुन्हा न भरता लागोपाठ १२ वेळा चालू होण्याएवढी हवा ठेवावी लागते. पायलट (बाहेर जहाजावर चढून वाट दाखवणारा बंदराचा माणूस) दर दोन मिनिटांनी बंद-चालू करायला लागला की बाटल्यांचा काटा उतरताना दिसतो. कॉम्प्रेसर दोन्ही चालू आणि ब्रिजला वेळेवर फोन, 'अमुक एवढेच स्टार्ट शिल्लक'. हा फोन करायला लाजायचं नाही.

आता द्राक्षवाल्यांनी ऐका. जहाजावर ५०० रीफर (थंड ठेवणाऱ्या पेट्या) लागलेत आणि सरासरी ४-५ किलोवॅट एकेक ओढतोय असं धरा: २ ते अडीच मेगावॅट. बो थ्रस्टर सुरू झाला की तो एकटा मोठ्या जहाजावर २ मेगावॅटच्या पुढे. म्हणून बंदरात शिरण्याआधी एक-दोन जादा जनरेटर समांतर लावतात. एकच जनरेटर ९० टक्क्यांवर पळवून चॅनेलमध्ये शिरणं म्हणजे अंधाराला निमंत्रण. भार वाढला की पहिल्यांदा बिनमहत्त्वाचे ब्रेकर पडतात, त्यात रीफर येतात. सुकाणू वाचावं म्हणून तुमची पेटी सोडली जाते, आणि ते बरोबरच आहे. अर्ध्या तासाने द्राक्षाला काही होत नाही.

सगळंच बंद पडलं तर इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांत आपोआप चालू होऊन सुकाणूला वीज देतो, हा नियम आहे. ४५ सेकंद थोडे वाटतात. १० नॉटला तेवढ्यात जहाज २३० मीटर पुढे गेलेलं असतं, आणि इमर्जन्सी जनरेटरने मुख्य इंजिन चालू होत नाही. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरला 'डाली'ची वीज गेली, जहाज पुलाच्या खांबाला लागलं, पूल कोसळून सहा कामगार गेले.

येण्याआधी आमची यादी: मुख्य इंजिन पुढे आणि मागे दोन्ही चालवून बघायचं (फक्त पुढे बघणारे असतात; मागचं चाललं नाही हे धक्क्यासमोर कळतं), सुकाणूच्या दोन्ही मोटर चालू, ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत येतं का ते घड्याळ लावून, इमर्जन्सी जनरेटर सुरू करून बघणं. इंधन बदलायचं असेल तर चॅनेलच्या बाहेर, भरपूर आधी. गरम जड तेलावरून थंड डिझेलवर घाईने आलं की इंधन पंप अडकतात.

पंचांगवाली_गंगापूररोड

भरतीच्या वेळेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मुंबईला दिवसात दोन भरत्या, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. जड जहाजाला उधाणात वाव जास्त, पण प्रवाहही जोरदार. भांगात प्रवाह मऊ, पण पाणी कमी. दोन्हीकडून सुख मिळत नाही.

पाणी चढतं-उतरतं ते एकसारखं नाही. सहा तासांत बारा हिस्से: १, २, ३, ३, २, १. भरती-ओहोटीत ३.६ मीटरचा फरक असेल तर एक हिस्सा ०.३ मीटर. पूर्ण भरतीनंतर पहिल्या तासात ०.३ जातं, दुसऱ्यात ०.६. म्हणजे पायलट दोन तास उशिरा चढला तर ०.९ मीटर पाणी गेलेलं. धागाकर्त्याच्या हिशेबात शेवटी ०.३४ उरलं होतं!

म्हणून वेळ हुकली की 'अर्धा तास उशीर' असं नसतं, पुढच्या भरतीपर्यंत थांबावं लागतं. आणि मुंबईला दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पुढची कमी उंचीची असेल तर तिच्यानंतरची बघायची. तुमचे बारा तास किंवा चोवीस तास इथे जातात.

निफाडचे_आप्पा

हे पहिल्यांदा नीट कळलं. अजून एक: कंपन्या म्हणतात ड्राफ्टच्या १० टक्के पाणी खाली हवंच. १४ चे १.४. इथे तर ०.३४ वर गप्पा चालल्यात?

दर्यावर्दी_सिडको

चांगलं पकडलंत. १० टक्के नियम जिथे आहे तिथे तो कशानंतर मोजायचा हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि वाद तिथेच होतात. फक्त स्क्वॉट वजा केला तर १० नॉटला १.७० उरतात, नियमात बसतं. कलणं, लाटा, सर्व्हेची चूक यांचे मिळून १.३६. म्हणजे १.४ ही राखीव रक्कम याच तीन गोष्टींसाठी आहे, ती 'शिल्लक' समजून वापरायची नाही. १२ नॉटला १.१३ उरतात, नियमात बसत नाही. स्क्वॉट न धरताच ३ मीटर आहेत म्हणून सही ठोकणारे फॉर्मही असतात.

लाल_हिरवा_बोया

एक्डिसबद्दल (ब्रिजवरचा इलेक्ट्रॉनिक नकाशा), कारण नवीन मुलं पडद्यावर फार विसंबतात.

सेफ्टी कंटूर (खोलीची जी रेषा ओलांडली की यंत्र अलार्म देतं ती) = ड्राफ्ट + स्क्वॉट + राखीव − भरती. वरच्या आकड्यांनी १४ + १.३ + १.४ − ३ = १३.७. नकाशात १०, १५, २० च्याच रेषा असतील तर यंत्र पुढची खोल रेषा, १५ ची, घेतं. आता १४ मीटरचं चॅनेल सगळंच 'धोक्याच्या' निळ्यात जातं आणि अलार्म कोकलत राहतो. मग कोणीतरी आकडा १० करून टाकतो. अलार्म शांत, पडदा पांढरा, आणि १० ते १३.७ मधला खरा उथळ पट्टाही सुरक्षित दिसायला लागतो. यावर उपाय एकच: त्या वेळच्या भरतीप्रमाणे न जाण्याच्या जागा हाताने आखून ठेवणं, सेफ्टी डेप्थ १३.७ ठेवून त्याहून उथळ खोलीचे आकडे ठळक करणं, आणि अलार्म का वाजतोय ते ब्रिजवर सगळ्यांना आधी सांगून ठेवणं.

जीपीएसवर एकट्यावर भिस्त नको. रडारवर पॅरलल इंडेक्स लावा: खांदेरीच्या बेटासारखी न हलणारी वस्तू निवडायची, कोर्सला समांतर रेषा ठराविक अंतरावर आखायची, ती वस्तू रेषेवरून घसरत राहिली पाहिजे. सरकली की तुम्ही सरकलात. बोयावर (तरंगत्या खुणेवर) इंडेक्स लावू नका, पावसाळ्यात बोये जागा सोडतात. आपल्याकडे आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या. अमेरिका, जपानकडे उलट. तिकडून आलेल्या माणसाला पहिल्या फेरीत आठवण करून द्यावी.

आणि आराखड्यावर एक जागा ठळक लिहा, जिच्यापुढे परत फिरता येत नाही. तिच्या आधीच सगळं तपासून झालेलं हवं: पायलट चढला का, टग तयार, धक्का मोकळा, भरती वेळेवर, दृश्यमानता. एक 'नाही' असेल तर तिथूनच बाहेर.

शिडी_आणि_दोरी

पायलट चढण्यावर. या कामात माणसं मरतात, आणि कारणं तीच तीच.

समुद्राच्या पाण्यापासून चढायची उंची ९ मीटरच्या वर गेली की नुसती दोरशिडी चालत नाही, तिरकी शिडी जोडून द्यावी लागते. जोडणीत तिरक्या शिडीचा खालचा फलाट पाण्यापासून किमान ५ मीटर वर, दोरशिडी त्या फलाटाच्या किमान २ मीटर वरपर्यंत, आणि फलाटापासून दीड मीटर वर दोरशिडी जहाजाच्या अंगाला घट्ट. पायऱ्यांमधलं अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर. शिडी पिळू नये म्हणून किमान १.८ मीटर लांबीच्या आडव्या फळ्या. सर्वांत खालची खालून पाचव्या पायरीला.

नेहमी दिसणाऱ्या चुका: शिडी पूर्ण लांबीची न सोडता मध्येच अडकवताना बाजूच्या दोरांवर शॅकल (लोखंडी कडी) आडवा टाकतात, सगळा भार पायरीवर आणि तिच्या बांधणीवर येतो, ती सुटते. बरोबर पद्धत म्हणजे दोन्ही बाजूच्या दोरांना वेगळ्या दोराने रोलिंग हिच ही गाठ घालून डेकवरच्या मजबूत कड्याला बांधणं. शिडी ओढायचा दोर शेवटच्या आडव्या फळीच्या खाली बांधतात, तो पायलट बोटीत अडकला की बोट शिडीच ओढून घेते. तो फळीला किंवा तिच्या वर बांधायचा आणि पुढच्या दिशेला न्यायचा. शिडी जिथे लटकते तिथे वरून कुठलंही पाणी बाहेर पडत नाही ना, बघा.

अधिकारी जागेवर हवा, ब्रिजशी बोलणारा. खलाशाला एकट्याला सोडून 'सगळं ठीक' असा रिपोर्ट द्यायचा नाही.

लाटांपासून आडोसा द्यायला कोर्स बदलावा लागतो. तो बदल आराखड्यात आधीच काढून ठेवा. पायलट शिडीवर, जहाज उथळाकडे, आणि वेग कमी म्हणून सुकाणू सुस्त, हे तिन्ही एकाच वेळी होतं.

दर्यावर्दी_सिडको

पायलट चढला म्हणजे कॅप्टन सुटला असं नाही. पायलट जहाज चालवतो, जबाबदारी कॅप्टनचीच राहते. पहिली पाच मिनिटं बोलण्याची: पायलट कार्ड (जहाजाची माहिती लिहिलेला कागद), आजचा ड्राफ्ट, इंजिनाच्या खोडी, कुठल्या बोयापाशी किती वेग, टग कुठे बांधायचे, भेटणारी जहाजं कोणती आणि कुठे भेटणार. २००७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात 'कोस्को बुसान' पुलाच्या खांबाला घासलं, तेव्हा चौकशीत पायलट आणि कॅप्टन यांच्यातलं अपुरं बोलणं हा एक ठळक मुद्दा होता.

सुकाणूची आज्ञा तीनदा ऐकू यायला हवी: पायलट म्हणतो 'पोर्ट टेन' (डावीकडे दहा अंश), हेल्म्समन तेच म्हणून फिरवतो, सुकाणू पोचल्यावर पुन्हा सांगतो. आणि अधिकाऱ्याने सुकाणूच्या काट्याकडे बघायचं, हेल्म्समनच्या तोंडाकडे नाही. 'पोर्ट' म्हणत स्टारबोर्डला (उजवीकडे) फिरवणं होतं, थकलेल्या माणसाकडून जास्त.

खाडीकाठचा

मुंबईचं चॅनेल मुंबई आणि न्हावा शेवा दोघांचं आहे, हे इथे अजून आलं नाही. एकात अडलं की दोन्ही अडतात. ७ ऑगस्ट २०१० ला बाहेर जाणारं कंटेनर जहाज 'एमएससी चित्रा' आणि आत येणारं 'खलीजिया-३' बंदराच्या तोंडाशी धडकले. चित्रा कललं, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं आणि कंटेनर तरंगत असल्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेव्हा व्हीएचएफवर 'कोण कुणाला कुठल्या बाजूने' हे वेळेत आणि जहाजाचं नाव घेऊन ठरवणं हा बाबूपणा नाही. पण रेडिओवर ठरवत बसण्यात वेळ घालवून वळायचं राहून जातं, हेही तितकंच खरं. शंका आली की पाच आखूड भोंगे आणि वेग कमी.

मच्छीमारांचं: यांत्रिक बोटींची बंदी १ जून ते ३१ जुलै. ऑगस्ट लागला की समुद्र एकदम भरतो. अरुंद चॅनेलमध्ये मासेमारी करणाऱ्या बोटीने मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही हा नियम ९ आहे, पण जाळं पाण्यात असलेला तांडेल एका मिनिटात बाजूला होऊ शकत नाही. डोल जाळी तर जागेवर रोवलेली असतात. रात्री बारक्या बोटींचे दिवे किनाऱ्यावरच्या दिव्यांत मिसळतात, बऱ्याच बोटी एआयएसवर (जहाजाची जागा-वेग आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर) नसतात. तेव्हा पुढे नाकावर एक माणूस, डोळ्यांनी बघणारा. तोच नांगराजवळही हवा.

इंजिनरूम_नाशिकरोड

नांगराचं आलंच आहे तर: नांगर 'तयार' म्हणजे साखळीची जादा बांधणी काढलेली, ब्रेकवर धरलेला. ५-६ नॉटला सोडला तर साखळी ब्रेक जाळत सुटते किंवा तुटते. २-३ नॉटच्या खाली तो खरा काम करतो. आधी मागे इंजिन, मग नांगर. मागे इंजिन दिलं की उजव्या फिरकीच्या पंख्याचं जहाज नाक उजवीकडे टाकतं, ते हिशेबात धरा.

निफाडचे_आप्पा

वाचनखूण साठवली. आम्ही पेटीवाल्यांनी मोबाइलवर नेमकं काय बघायचं म्हणजे गाडी कधी सोडायची ते कळेल?

दर्यावर्दी_सिडको

आप्पा, गेटची वेळ टर्मिनल आणि शिपिंग लाइन सांगते तीच धरा, मोबाइलवरून गाडी सोडू नका. बाकी बघायचंच तर: जागा, वेग आणि दिशा यंत्राकडून आपोआप येतात, त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. ड्राफ्ट, 'नांगरलेलं' की 'चालू', कुठे जातंय आणि पोचायची वेळ हे जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. नांगर उचलून तास झाला तरी 'नांगरलेलं' दिसू शकतं. वेग ७ नॉट दिसत असेल तर वेगावर विश्वास ठेवा. ड्राफ्ट मागच्या बंदराचा राहिलेला असतो कधीकधी. आणि पोचायची वेळ एआयएसमध्ये ग्रीनिचची असते. ॲपने ती आपल्या वेळेत बदलली नसेल तर साडेपाच तास मिळवा: १८:०० दिसलं तर ते आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि तेही पायलट चढायच्या जागेचे, धक्क्याचे नव्हेत.